हवा गेली, ओल राहिली

चैत्र-वैशाखाचे ऊन तापले की मराठी घरांत बेगमीची घाई सुरू होई. गव्हाला एरंडेल, तांदळाला बोरिक पावडर, डाळींत कडुनिंबाचा वाळका पाला. गोडा मसाला बरणीत दाबून वर दादरा बांधला जाई. फ्लॅटमध्ये कोठीची खोली गेली, माळा गेला, पण साठवणीची हौस काही गेली नाही. आता कित्येक ओट्यांवर मिक्सरशेजारी एक चपटे यंत्र दिसते. पिशवीतली हवा ओढून घ्यायची, तापल्या पट्टीने तोंड चिकटवायचे, की झाले!

तत्त्व साधे आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. सोंडे-टोके आणि बुरशी त्यावरच जगतात. शेंगदाणे, खोबरे खवट होते तेही त्याच्यामुळे. तो काढून घेतला की रवा, डाळी, मेतकूट, भाजणी पुष्कळ दिवस टिकते. परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत मसाला सांडत नाही, हे तर आईला सांगायलाच नको.

मात्र हवा काढली म्हणजे जंतू मेले, हा समज घातक आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूला प्राणवायू नकोच असतो. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी हॅम खाऊन वादकांचे एक पथक आजारी पडले, तिघे दगावले. त्या तपासातूनच एमिल व्हान एरमेंगेम यांना हा जंतू सापडला. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला तेलातल्या लसणातून अनेकांना हीच विषबाधा झाली. वास, चव न बदलताही हे विष तयार होऊ शकते. चाखून कळेल, अशी आशा नको.

तेव्हा पाहायचे ते ओलाव्याकडे. खडखडीत वाळलेला जिन्नस हवाबंद करून फडताळात खुशाल ठेवावा. आमटी, पनीर, मासळी, सोललेला लसूण मात्र हवाबंद करूनही बाहेर ठेवू नये. फ्रीजमध्ये ४ अंशांखाली ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे, नाहीतर उणे १८ अंशांवर गोठवावे. गोठवलेली मासळी फ्रीजमध्येच वितळू द्यावी, आणि त्याआधी पिशवी कापावी.

आपल्या आज्या कुरडया-सांडगे गच्चीवर वाळवत, कैरीला सढळ हाताने मीठ लावत, ते उगीच नव्हे. वाळवणाने पाणी जाते, मिठाने ते जंतूंच्या हाती लागत नाही. यंत्र काढते ती फक्त हवा. पाण्याचा बंदोबस्त अजून आपणच करायचा आहे.