पाठीवर नंबर असलेला क्रूस

मोन्ते कासिनोचा क्रूस हे शौर्यपदक नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. पराक्रमासाठी पोलंडकडे १७९२पासूनचे ‘व्हिर्तुती मिलितारी’ होते आणि ते मोजक्यांच्याच छातीवर चढे. ब्राँझचा हा क्रूस मात्र लढाईत असलेल्या प्रत्येकाचा. कडा चढून गेलेल्याचा, तसाच खालून दारूगोळा वाहून आणणाऱ्याचाही. ‘तू तिथे होतास’ एवढेच तो सांगतो.

घडणही तितकीच मितभाषी. चार सारख्या भुजा, मध्ये चौकोन आणि चौकोनात तीन ओळींत लढाईचे ठिकाण, महिना नि साल: मोन्ते कासिनो, मे १९४४. गरुड नाही, तलवार नाही, राजाचा किंवा सेनापतीचा चेहरा नाही. फीत लाल-निळ्या उभ्या पट्ट्यांची. मागची बाजू कोरी, तिच्यावर फक्त क्रमांक. मला या क्रूसाची खरी बाजू हीच वाटते. असे सुमारे पन्नास हजार क्रूस पाडले गेले, म्हणजे इटलीत लढणाऱ्या जवळजवळ अख्ख्या दुसऱ्या पोलिश कोअरला पुरतील इतके. ते घडले तेल अवीवमध्ये. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि सरकार लंडनमध्ये परागंदा. ज्या सैन्याला पाय टेकायला स्वतःची जमीन नव्हती, त्याचे पदक तिसऱ्याच देशात तयार झाले. २६ जुलै १९४४ रोजी क्रूसाची स्थापना झाली आणि १ ऑगस्टला वॉर्सात उठाव पेटला. त्या उठावाच्या मदतीला इटलीतले हे सैनिक जाऊ शकत नव्हते.

हे सैन्य मुळात उभे राहिले रशियाच्या तुरुंगांतून आणि श्रमछावण्यांतून. सेनापती व्वादिस्वाव आंदेर्स स्वतः मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून १९४१मध्ये सुटलेले. तिथून इराण, इराक, पॅलेस्टाइन आणि शेवटी इटली असा या सैन्याचा प्रवास. रोमच्या वाटेवर जर्मनांची गुस्ताव्ह फळी होती आणि तिच्या नाक्यावर मोन्ते कासिनो, बेनेडिक्टाइन मठाचा डोंगर. १५ फेब्रुवारी १९४४ला दोस्तांच्या विमानांनी मठ पाडला. त्याने अडचण वाढलीच, कारण ढिगाऱ्यात जर्मनांना उत्तम आडोसा मिळाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजननेही याच उतारावर रक्त सांडले होते.

११ मेच्या रात्री पोलिश तुकड्या निघाल्या आणि पहिला हल्ला फसला. दुसरा १७ मेला. १८च्या सकाळी बाराव्या पोदोल्स्की लान्सर्सची टेहळणी तुकडी मठाच्या अवशेषांवर पोचली. तिथे जवळपास फक्त जखमी जर्मन उरले होते. तुकडीने निशाण रोवले आणि एमिल चेख या बिगुलवाल्याने क्राकोच्या मनोऱ्यावरची तुतारीची धून वाजवली. जर्मन मागे का हटले, याचे उत्तर एका डोंगरावर नाही. फ्रेंच कोअरने डावीकडचे डोंगर ओलांडून त्यांना वेढायची वेळ आणली होती आणि खाली गारी नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन पार झाली होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती. क्रूस अर्थातच पोलिश सैनिकांचाच आहे. त्याने साऱ्यांचा हिशेब मांडावा अशी अपेक्षा नाही. पोलिशांचे नऊशेहून अधिक मेले, जखमींचा आकडा तीन हजारांच्या घरात गेला.

या सैनिकांतल्या अनेकांच्या बायका-मुलांचा पत्ता त्या वेळी कोल्हापूरजवळचे वळिवडे होता. रशियातून सुटलेल्या जवळपास पाच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, छावणी तिथे १९४३ ते १९४८ या काळात होती. वॉर्सात आज वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे आणि मोन्ते कासिनोचेही.

युद्ध जिंकूनही या लोकांना घर मिळाले नाही. बरेचजण ज्या पूर्व पोलंडातून आले होते, तो याल्टाच्या वाटाघाटीत सोव्हिएत संघाकडे गेला. १९४६मध्ये नव्या वॉर्सा सरकारने आंदेर्स यांचे नागरिकत्वच काढून घेतले. ते लंडनमध्ये वारले आणि १९७०मध्ये मोन्ते कासिनोच्या पोलिश दफनभूमीत त्यांना पुरले, आपल्या हजारभर सैनिकांमध्ये.

क्रूस मात्र जगभर विखुरले: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे सैनिक स्थिरावले तिथे. इथे मागचा तो क्रमांक कामाला येतो. क्रमांक तुकड्यांनुसार सलग गटांत वाटले गेले होते आणि सोबत नावाचे प्रमाणपत्रही मिळे. त्यामुळे जुन्या बाजारात सापडलेला क्रूस कोणत्या पलटणीचा, हे आजही शोधता येते. नकलाही फिरतात, म्हणून जाणकार संग्राहक क्रूस हातात घेतला की आधी उलटा करून पाहतात, आणि जोडीला प्रमाणपत्र असेल तरच पूर्ण किंमत मोजतात.