नदीचे पाणी कसे मोजतात?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी गिरणा किंवा पांझरा नदी पाहिली असेल. पावसाळा संपला की पात्रात वाळू दिसू लागते आणि तिच्यामधून पाण्याची धार वाहत राहते. ही धार मागच्या महिन्यापेक्षा लहान झाली का? नुसते पाहून हे सांगता येत नाही. त्यासाठी पाणी मोजावे लागते.

आपल्या खानदेशात या पाण्याला फार मोल आहे. पांझरेच्या काठी काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवतात. उर्दूत आपण ज्याला नहर म्हणतो, तोच हा पाट. एका फडात सर्व शेतकरी एकच पीक घेतात आणि पाटकरी प्रत्येकाला पाळीने पाणी देतो. 'बागायत' आणि 'जिरायत' हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत.

आता दुसरी गोष्ट पाहा. घरे बांधायला वाळू लागते. ती नदीच्या पात्रातून काढतात. कायद्याने वाळू हे गौण खनिज आहे, म्हणजे वाळू काढण्याची जागा ही एक प्रकारची खाणच होय. वाळूच्या कणांमध्ये साधारणपणे एक तृतीयांश जागा मोकळी असते. तेथे पाणी साठते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट वाळू. तिच्यात सुमारे 900 लिटर पाणी मावते. वाळू गेली की साठ्याची ही जागाही जाते. पात्र खोल झाले, तर काठावरच्या विहिरींचे पाणी नदीकडे झिरपते व विहिरींची पातळी उतरते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूखाणींनाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक असल्याचे सांगितले.

पाणी मोजण्याची एक सोपी रीत आहे. ओढ्याचा सरळ भाग निवडा. त्याची रुंदी मोजा. चार-पाच ठिकाणी खोली मोजून तिची सरासरी काढा. समजा, रुंदी 4 मीटर आणि सरासरी खोली 0.3 मीटर आहे. गुणाकार 1.2 चौरस मीटर झाला. आता 10 मीटर अंतरावर दोन खुणा करा. वरच्या खुणेपाशी एक संत्रे पाण्यात सोडा. ते 20 सेकंदांत खालच्या खुणेला पोहोचले, तर वेग सेकंदाला 0.5 मीटर झाला. मात्र तळाशी पाणी हळू वाहते. म्हणून आलेल्या उत्तराला साधारणपणे 0.85 ने गुणतात. 1.2 × 0.5 × 0.85 = 0.51. म्हणजे सेकंदाला 510 लिटर, अर्थात सुमारे 18 क्युसेक पाणी वाहत आहे. हा प्रयोग तीनदा करून सरासरी घ्यावी. मोठ्या माणसांशिवाय पाण्यात उतरू नये आणि पुराच्या दिवसांत तर मुळीच उतरू नये.

खाणीचा परिणाम पाहायचा असेल, तर खाणीच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी मोजावे लागते. समजा, वर 510 लिटर आहे. मधे एका पाटाने 150 लिटर घेतले. मग खाली 360 लिटर असायला हवे. प्रत्यक्षात 240 च भरले, तर 120 लिटर कोठे गेले? लगेच खाणीला दोष देऊ नका. काही पाणी पंपांनी उचलले असेल, काही वाळूत मुरले असेल. उलट, भिजवलेल्या शेतांतून पाझरून काही पाणी नदीत परतही येते. धरणाचे आवर्तन सुटले की सगळे आकडे बदलतात. म्हणून पाट, पंप व आवर्तन यांची नोंद त्याच वहीत ठेवावी लागते.

आणखी एक अडचण आहे. पुष्कळ ठिकाणी पाण्याची उंची पाहण्यासाठी आकडे लिहिलेली पट्टी उभी करतात. वाळू काढल्याने तळ खाली गेला, तर पाणी तेवढेच असूनही पट्टीवर कमी दिसते. म्हणून पात्राची रुंदी व खोली पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

तापी नदीवर सावखेडा व गिधाडे येथे केंद्रीय जल आयोगाने प्रवाहाच्या अशा नोंदी ठेवल्या आहेत. परंतु लहान ओढ्यांची नोंद कोण ठेवणार? खाण सुरू होण्यापूर्वीचा आकडा नसेल, तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? "पाणी कमी झाले," असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याजवळ तारीखवार नोंद असेल, तर त्याच्या बोलण्याला वजन येते. म्हणून मित्रांनो, गावातल्या ओढ्यासाठी एक वही घाला. आज लिहिलेला आकडा उद्या एखाद्या फडाचे पाणी वाचवू शकेल.