ऊन-वाऱ्याचा हिशेब (भाग ५) : पेणचा घाम, रोह्याची झळ

मे महिन्यात विदर्भातले पाहुणे पेणला आले की पहिल्या सकाळी खूश असतात. नागपूर-चंद्रपूरला पारा ४४च्या पुढे गेलेला, इथे जेमतेम ३५. दुपारचं जेवण झालं की मात्र तेच पाहुणे पंख्याखालून हलत नाहीत. ‘आमच्याकडे ऊन जास्त, पण इतकं उकडत नाही’ असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

हिशेब मांडून पाहू. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण ९ ग्रॅम वाफ असते. पेणला ३५ अंश आणि ६० टक्के असेल, तर तीच वाफ २४ ग्रॅमच्या आसपास जाते. घामाने अंग गार होतं ते घाम वाळताना. हवा आधीच वाफेने भरलेली असली की तो वाळत नाही, नुसता निथळत राहतो. अंगातलं पाणी जातं, मीठ जातं आणि गारवा काही मिळत नाही.

हे मोजायची जुनी रीत आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पाणी वाळता वाळता पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. वरच्या उदाहरणात नागपूरचा ओला पारा २३च्या आसपास थांबेल, पेणचा २८च्या वर. कोरड्या पाऱ्यात नागपूर ९ अंशांनी पुढे, ओल्या पाऱ्यात पेण ५ अंशांनी. विदर्भात घरोघरी कूलर चालतो आणि पेणला तो लावला की खोली नुसती ओलसर होते, त्याचं कारण हेच. ओला पारा ३५ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकणार नाही, असं २०१०मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. २०२२मध्ये तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल ३१च्या आसपासच ढळू लागतो असं दिसलं. पेणचे २८ त्यापासून फार लांब नाहीत.

पेणच्या मूर्तिकारांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. उन्हाळाभर कारखान्यांत गणपती तयार होत असतात. धरमतरच्या खाडीकडून दमट वारा आला की शाडूची मूर्ती लवकर सुकत नाही. उलट घाटावरून कोरडा पूर्वेचा वारा सुटला, की ती बाहेरून भराभर सुकते, आतली माती ओलीच राहते आणि तडे जातात. पापड लाटणाऱ्या बायका आणि मिठागरातली माणसंही वाऱ्याची दिशा अशीच ओळखतात.

या पूर्वेच्या वाऱ्याचा खरा इंगा रोह्याकडे दिसतो. रोहा कुंडलिकेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या बेचक्यात. रेवदंड्याच्या मुखातून आत शिरणारा समुद्रवारा तिथवर यायला उशीर होतो. पठारावरची हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशाने तापते. मुळशीच्या बाजूला ३५ असलेली हवा पाचशे मीटर खाली येईपर्यंत चाळिशीला टेकते, त्यात वरून दिवसभराचं ऊन. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी भिरा आहे. टाटांच्या वीजकेंद्रामुळे ओळखलं जाणारं हे गाव २८ मार्च २०१७ला ४६.५ अंशांच्या नोंदीने देशभर बातमीत आलं. महिना मार्च होता, यात आश्चर्य नाही. कोकणात पाऱ्याचे उच्चांक बहुधा मार्च-एप्रिलमध्येच होतात, कारण तेव्हा पूर्वेचे वारे अजून जोर धरून असतात, सांताक्रूझचा ४२.२चा उच्चांकही १४ एप्रिल १९५२चा. मे उजाडला की समुद्रवारा लवकर येतो, पारा उतरतो आणि उकाडा वाढतो.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन उन्हाळे आहेत. रोह्याच्या कोरड्या झळेत घाम कधी वाळला हे कळत नाही, म्हणून माणूस पाणी प्यायचं विसरतो आणि ऊन लागतं. पेणच्या उकाड्यात पाणी पिऊनही अंग तापतच राहतं, विशेषतः संध्याकाळी वारा पडल्यावर.

हवामान खातं किनारपट्टीला उष्णतेच्या लाटेसाठी ३७ अंशांचा निकष लावतं, मैदानी भागाला ४०चा. शिवाय तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. हे तीन अंशांचं झुकतं माप मला अपुरं वाटतं. १६ एप्रिल २०२३ला याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा ३८च्या आसपास होता. विदर्भात हा आकडा कुणी बातमीतही घेतला नसता.

वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबं, धाटावच्या कारखान्यांत भट्टीशेजारी उभे राहणारे कामगार, यांच्या कामाच्या वेळा नुसत्या तापमानावर ठरवणं धोक्याचं आहे. दोन साधे तापमापक, एकाला ओलं फडकं, एवढंच साहित्य लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते मिळेल. तापमापक सावलीत टांगावेत, फडक्याला पंख्याचा वारा द्यावा, दुपारी दोनला आकडा बघावा. ओला पारा २८च्या वर असेल, तर उन्हातलं अंगमेहनतीचं काम चार वाजेपर्यंत थांबवावं, आणि त्या तासांची मजुरी कापू नये.

पुढच्या भागात : कोकणातल्या रात्री गार का होत नाहीत.