सड्स-सेव्हर धुलाई यंत्र

सड्स-सेव्हर म्हणजे कपड्यांच्या एका खेपेसाठी वापरलेले साबणपाणी साठवून ते पुढच्या खेपेसाठी परत घेणारे घरगुती धुलाई यंत्र. नावाचा शब्दशः अर्थ 'फेस राखणारे' असा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि कॅनडात वरून कपडे टाकण्याच्या अनेक स्वयंचलित यंत्रांत ही सोय मिळत असे. यंत्राशेजारी भिंतीलगत बसवलेला जोडटब हा या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होता. टब नसेल तर यंत्रातील ही सोय निरुपयोगी ठरे.

पार्श्वभूमी

स्वयंचलित यंत्रांपूर्वी अमेरिकी घरांत विजेवर फिरणारे पिंप आणि त्यावर कपडे पिळण्यासाठी दोन रूळ, अशी यंत्रे वापरात होती. धुण्याचा दिवस ठरलेला असे, बहुधा सोमवार. पिंपात गरम साबणपाणी एकदाच भरले जाई. त्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत कपडे आणि शेवटी कामावरचे मळकट कपडे धुतले जात. रुळांतून पिळलेले कपडे शेजारच्या टबात विसळले जात. हे टब संगजिऱ्याच्या दगडाचे, काँक्रीटचे किंवा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असत आणि बहुतेक तळघरात कायमचे बसवलेले असत. प्लॅस्टिकचे टब नंतर आले.

बेन्डिक्स कंपनीने 1937 मध्ये घरगुती स्वयंचलित यंत्र बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 च्या सुमारास, वरून कपडे टाकण्याची स्वयंचलित यंत्रे मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. कष्ट कमी झाले, परंतु ही यंत्रे प्रत्येक खेपेनंतर सगळे पाणी गटारात सोडून देत. एकाच पाण्यात चार खेपा काढणाऱ्या गृहिणीला हा उधळेपणा वाटणे स्वाभाविक होते. जिथे विहिरीचे पाणी पंपाने चढवावे लागे किंवा पाणी तापवण्याची टाकी लहान असे, तिथे तर दुसऱ्या खेपेला गरम पाणीच उरत नसे. सड्स-सेव्हर हे या अडचणीवरचे उत्तर होते. व्हर्लपूल कंपनीने हीच सोय 'सड्स-मायझर' या नावाने विकली.

रचना व कार्य

साध्या यंत्राला सांडपाण्याची एकच नळी असते, सड्स-सेव्हरला दोन असत. त्यांपैकी एक साठवणीच्या टबात आणि दुसरी निचऱ्याच्या टबात सोडलेली असे. पाणी कोणत्या नळीने जावे हे यंत्रातील दुमार्गी झडप ठरवी. साठवणीच्या टबाला बूच लावणे हे माणसाचे काम होते, आणि ते विसरल्यास साठवायचे पाणी सरळ वाहून जाई.

धुण्याचा टप्पा संपला की पंप साबणपाणी पहिल्या टबात ओती. त्यानंतरचे विसळण्याचे पाणी दुसऱ्या टबातून निचऱ्यात जाई. पिळून कपडे बाहेर निघेपर्यंत साठवलेले पाणी काही वेळ स्थिर राही. तेवढ्या वेळात माती व जड मळ तळाशी बसे. नवी खेप टाकून कळ फिरवली की पंप टबातील पाणी उलट खेचून यंत्रात घेई. नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असल्यामुळे तळाचा गाळ टबातच राही, तो शेवटी बूच काढून धुऊन टाकावा लागे. कमी पडलेले गरम पाणी आणि थोडी धुलाई पूड वरून घातली जाई. टबात पाणी कोमट होई. पांढऱ्या कपड्यांना कढत आणि रंगीत कपड्यांना कोमट पाणी लागत असल्याने हा उतरता क्रम सोयीचाच ठरे.

त्या काळातील यंत्र एका खेपेला साधारण 150 लिटर पाणी घेई. त्यातील धुण्याचे पाणी सुमारे 60 लिटर असे आणि परत वापरता येई ते एवढेच. विसळण्याचे पाणी दर वेळी ताजेच लागे. त्यामुळे खरी बचत पाण्यापेक्षा इंधनाची आणि साबणाची होती.

मर्यादा

साबणाचे रेणू मळाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतात. मळ वाढत गेला की मोकळे रेणू संपतात आणि सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसतो. पांढरे कपडे हळूहळू राखट दिसू लागण्याचे हे एक कारण आहे. साध्या साबणाच्या बाबतीत फेस विरला की पाणी थकले असे समजता येई. कमी फेसाच्या कृत्रिम धुलाई पुडींना ही खूण लागू पडत नाही. आजाऱ्याचे कपडे व बाळाची लंगोटे यांचे पाणी परत घेणे आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य आहे. रंग सोडणाऱ्या कापडाचे पाणीही घेऊ नये. साठवलेले पाणी त्याच दिवशी वापरावे लागते. एक दिवस उलटला की त्यात जिवाणू वाढून दुर्गंधी सुटते.

पुढे यंत्रे तळघरातून स्वयंपाकघराजवळ आली आणि टबांची जागा गेली. धुण्याचा एकच दिवस राहिला नाही. आठवडाभर एकेक खेप काढणाऱ्या घरात साठवलेल्या पाण्याला पुढची खेपच नसते. त्यातच पुढून कपडे टाकण्याची, मुळातच कमी पाणी घेणारी यंत्रे रुळली आणि ही सोय मागे पडली.

भारतातील पद्धत

महाराष्ट्रातील मोरीवरच्या धुण्यात हा क्रम फार जुना आहे. भिजवणीच्या एकाच पाण्यातून पांढरे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी काढली जातात. दोन पिंपांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात तेच सहज साधते. कपडे हाताने सुकवणीच्या पिंपात टाकले की साबणपाणी पहिल्या पिंपात तसेच राहते, त्याला ना झडप लागते ना उलटा पंप. पूर्ण स्वयंचलित यंत्राची नळी बादलीत सोडून ते पाणी फरशी किंवा शौचालय धुण्यासाठी वापरणेही टंचाईच्या गावांत परिचयाचे आहे.

बागेला मात्र हे पाणी विचारपूर्वक द्यावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2009 मध्ये दुष्काळात धुलाई यंत्राचे पाणी परवान्याशिवाय बागेत नेण्यास मुभा दिली, पण ते जमिनीवर साचू नये अशा अटींसह. बहुतेक धुलाई पुडींत सोडियमचे क्षार असतात. काळ्या चिकणमातीत सोडियम साठला की मातीचे कण विखुरतात, वरचा थर घट्ट होतो आणि पाणी मुरत नाही. म्हणून पहिले साबणपाणी शौचालयासाठी आणि शेवटचे विसळण्याचे पाणी झाडांसाठी, अशी विभागणी अधिक योग्य ठरते.