राजाच्या हाताचा गुण

मानेवर गाठी येतात, फुटतात, वाहत राहतात, तो रोग म्हणजे गंडमाळा. राज्याभिषेक झालेल्या राजाने हात लावला की तो बरा होतो, असं फ्रान्स आणि इंग्लंडमधले लोक शतकानुशतकं मानत होते. या श्रद्धेवर फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी १९२४ साली मोठा ग्रंथ लिहिला. धर्म आणि राजसत्तेच्या नात्यावर इतकं जिवंत लेखन विरळाच.

ब्लॉक यांनी नुसत्या दंतकथा गोळा केल्या नाहीत, राजवाड्याच्या हिशेबवह्याही उलगडल्या. इंग्लंडचा पहिला एडवर्ड हात लावलेल्या प्रत्येक रोग्याला एक पेनी देई. तो खर्च वहीत चढे, आणि त्यावरून रोग्यांची संख्या निघे! पुढे पेनीच्या जागी सोन्याचं नाणं आलं. कोशकार सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, १७१२ मध्ये, राणी ॲनकडे नेलं होतं. गुण आला नाही, चेहऱ्यावर व्रण राहिले. नाणं मात्र त्याने जपून ठेवलं.

मग श्रद्धा टिकली कशी? ब्लॉक यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: चमत्कार होणारच, ही सगळ्यांची आधीपासूनची अपेक्षाच चमत्कारावरचा विश्वास घडवत होती. गाठी कधीकधी आपोआप बसत, आणि श्रेय राजाला जाई.

फ्रान्समध्ये हा विधी शेवटचा झाला तो १८२५ मध्ये, दहाव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकानंतर, रँस शहरात.