आधी पट्टी, मग तंबोरा

सातारा, कराड, वाई या भागातली गाणं शिकणारी मुलं पहिला तंबोरा घ्यायला मिरजेकडेच वळतात, आणि ते बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारी, ती घडवणारी मंडळी. तोच हात पुढे सतारी-तंबोऱ्यांवर बसला आणि पुढच्या पिढ्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे मिरज हे नाव गाणाऱ्या प्रत्येक घरात पोचलेलं असतं. अडचण एवढीच, की दुकानाची पायरी चढताना खिशात मोजके पैसे असतात आणि डोक्यात ऐकीव माहिती भरपूर.

त्यातली ताजी ऐकीव गोष्ट भौगोलिक मानांकनाची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ‘जीआय’ मिळालं, आणि लगेच ‘आता मिरजेतलं कुठलंही वाद्य डोळे झाकून घ्यावं’ असं बोललं जाऊ लागलं. मानांकन नावाचं रक्षण करतं: भलतीकडे बनलेलं वाद्य मिरजेचं म्हणून खपवायला आळा बसावा, एवढ्यासाठी ते असतं. तुमच्या हातातल्या तंबोऱ्याची दांडी सरळ आहे का, लाकूड पुरतं वाळलंय का, हे ते सांगत नाही. उत्तम कारागीरसुद्धा स्वस्तातलं वाद्य आणि मैफलीचं वाद्य अशी दोन्ही बनवतो. दोन्ही मिरजेचीच.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र वेगळाच आहे. ‘तंबोरा म्हणजे तंबोरा, खुंट्या पिळल्या की हव्या त्या पट्टीत लागतो.’ लागतो, पण बोलत नाही. कारागीर बोलीत ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ अशी दोन मापं सांगतात. जेंट्स साधारण पावणेपाच फुटांचा, लेडीज सव्वाचारच्या आसपास. प्रत्येकाच्या हातच्या मापात थोडाफार फरक असतो. पांढरी एक, काळी एक, काळी दोन या पट्ट्यांसाठी पहिला, आणि पांढरी पाच, काळी चार, काळी पाचसाठी दुसरा. हा फरक नुसत्या रिवाजाचा नाही. काळी एक ते काळी चार म्हणजे षड्ज ते पंचम एवढं अंतर, कंपनसंख्या दीडपट. तीच तार त्याच लांबीवर दीडपट कंपनांना चढवायची तर ताण दीडाच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पट होतो. चार तारांचा हा सगळा भार घोडीवाटे तबलीवर येतो. तबली काही वर्षांत बसते, मग जव्हारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची घासून साधलेली ठेवण, कितीही घासा, टिकत नाही. पातळ तारा लावून भार कमी करता येतो, पण मग आवाजाचा भरणाही त्यांच्याबरोबर जातो. उलट केलं, लेडीज तंबोरा काळी एकला उतरवला, तर ताण निम्म्याहून खाली येतो आणि तारा लोंबतात.

म्हणून पैशांच्या आधी पट्टी ठरवायची. गुरुजींना किंवा बाईंना विचारायचं, ‘ही कुठल्या पट्टीत गाणार?’ आणि चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल आणि आवाज फुटायचा बाकी असेल, तर थांबा. आज पांढरी पाचला गाणारा मुलगा दोन-तीन वर्षांत काळी एकला उतरू शकतो, आणि घरात सुंदर, निरुपयोगी लेडीज तंबोरा कोपऱ्यात उभा राहतो. काळी तीन, पांढरी चार अशा मधल्या पट्ट्या असणाऱ्यांनी मधलं माप बनवून घ्यावं. बहुतेक कारागीर आनंदाने देतात, फक्त वाट पाहावी लागते.

तारांच्या संख्येबद्दलही असाच एक भाबडा हिशेब असतो: चारपेक्षा पाच बऱ्या, सहा तर फारच उत्तम. नेहमीच्या चार तारांत पहिली पंचमाची (रागाप्रमाणे मध्यम किंवा निषादाची), मधली जोडी षड्जाची आणि शेवटची पितळी तार खर्जाची. पाचवी-सहावी तार ज्यांना पंचमाबरोबर निषादही कायम हवा असतो, त्यांच्या कामाची. पण प्रत्येक जादा तारेमागे आणखी एक खुंटी, आणखी एक मणी आणि जव्हारीची आणखी एक जागा येते. ज्याला चार तारा जुळवताना अर्धा तास लागतो त्याने सहा घेतल्या तर रियाजाची वेळ जुळवण्यातच संपते. आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर नजर ठेवून असलेली आपल्याकडची पोरंही याच वाटेने जातात. सहा तारी गिटारची तारलांबी साडेपंचवीस इंचांच्या आसपास; आठ तारीला खालचा एफ शार्प ढिला न पडता बोलावा म्हणून ती सत्तावीस इंच किंवा जास्त करावी लागते. स्वस्तात आठ तारा आणि आखूड दांडी घेतली, तर सर्वांत जाड तार नुसती फडफडते. वाद्य कुठलंही असो, तारा मोजण्याआधी लांबी मोजावी.

आता जव्हारी. दुकानात तंबोरा छेडला की जो भरून राहणारा, झणकारणारा नाद येतो, त्यावर भाळून व्यवहार होतात. तो नाद लाकडाचा आहे असं मानणं ही चूक. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथल्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमाने गैरहजर असायला हवेत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत ठणठणीत ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. कारण घोडीचा किंचित उतरता, रुंद माथा. तार त्यावर टेकत-सुटत कंपते. तारेखाली सरकवलेला सुती दोरा ही टेकण्याची जागा केसभर मागेपुढे करतो. म्हणजे दुकानातला गोडवा हा बराचसा कालच घासलेल्या जव्हारीचा असू शकतो, आणि ती वापराने झिजतेच. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः जव्हारी लावण्यात आणि वाद्यं दुरुस्त करण्यात वाकबगार होते. मोठ्या गवयाने हे काम शिकून घ्यावं, एवढं ते वरचेवर लागतं.

याचा खरेदीदाराला दुहेरी फायदा आहे. एक, ताज्या जव्हारीने फसायचं नाही: विक्रेत्याला सांगून चारही दोरे काढून ठेवा आणि मग एकेक तार छेडा. झणकार कमी होईल, पण नाद किती वेळ टिकतो, खर्ज पोकळ वाटतो की भरीव, ते तेव्हाच कळतं. दुसरा, बसक्या जव्हारीचा वापरलेला तंबोरा कमी किमतीत मिळत असेल आणि अंग धड असेल, तर तो सोडू नका. जव्हारी पुन्हा लावून मिळते, वाकलेली दांडी सरळ करून मिळणं कठीण.

मात्र ‘जुनं ते सोनं’ हेही तंबोऱ्याला सरसकट लागू नाही. जुन्या लाकडाचा नाद मोकळा होतो हे खरं, पण वर्षानुवर्षं ताणाखाली राहिलेली तबली खचतेही. वाद्य आडवं धरून डोळ्याच्या रेषेत पाहा: तबलीला हलका फुगवटा हवा, घोडीखाली खळगा नको. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात त्या सांध्यावर नख फिरवा. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारा. चिरेच्या जागी आवाज खरखरतो. बारीक भोकं आणि खाली पिठूळ भुकटी दिसली तर कीड लागलेली आहे, पुढचं बोलणं बंद. ‘घोडी हस्तिदंताची आहे’ असं सांगून कुणी दर वाढवला तर हात जोडून निघा. वन्यजीव कायद्यामुळे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, आणि जव्हारी हाडाच्या घोडीवरही उत्तम लागते.

भोपळ्याबद्दल दोन शब्द. तो भाजीचा लाल भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा वेगळा भोपळा, मुख्यतः मंगळवेढ्याच्या बाजूने येतो आणि वाळवून, कोरून वापरला जातो. लाकूड बहुधा तुणीचं. भोपळा मोठा म्हणून आवाज मोठा, असंही थेट गणित नाही. तबलीची जाडी आणि लाकडाचा वाळवा यांचा त्यात बराच वाटा असतो. वेलबुट्टी, पोपट, पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी यांनी किंमत वाढते, स्वर तसूभरही नाही. पहिल्या तंबोऱ्यात हा खर्च निःसंकोच वगळावा. साधी दांडी, साधं पॉलिश आणि वाळलेलं लाकूड मागा. कारागीर अशा गिऱ्हाइकाला हसत नाहीत, उलट जरा नीट बोलतात.

आणि मुळात लगेच घ्यायलाच हवा का? ‘खरा तंबोरा नसेल तर गाणं येत नाही’ असं सांगणारे भेटतात. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, त्यानंतर घरोघरच्या रियाजाचं चित्र बदललं. आज मोबाइलवर ते काम जवळजवळ फुकटात होतं. नवशिक्याला पहिली वर्ष-दोन वर्षं स्थिर षड्ज पुरतो, आणि तो यंत्र बिनचूक देतं. ते कान मात्र घडवत नाही: उतरलेली तार ओळखणं, मणी सरकवून ती हळूच जागेवर आणणं, खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ऐकणं, हे लाकडी तंबोऱ्यावरच होतं. माझ्या मते पट्टी ठरेपर्यंत यंत्रावर रियाज करावा आणि पैसे साठवावेत. अर्धवट पैशांत न वाळलेल्या लाकडाचं वाद्य घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. घरात जागाच नसेल, तर बिनभोपळ्याचा सपाट पेटीसारखा तंबोराही चालतो. तो खोटा नाही. नाद लहान, पण खराच.

घेतल्यावर पहिले काही दिवस स्वर सारखा उतरेल. वाद्य खराब निघालं म्हणून फोन करू नका. नव्या तारा ताणून बसायला वेळ घेतात. खुंटी घसरत असेल तर ती काढून खडू घासा. पावसाळ्यात स्वर पुन्हा हलतील, तेव्हाही हेच. निघताना चारही तारांचे नंबर लिहून घ्या, जोडीचा एक जादा संच आणि थोडं सूत मागून घ्या. साताऱ्याकडे नेताना एसटीच्या टपावर टाकू नका, मिरज-पुणे मार्गावरच्या गाडीने न्या: तारा जरा ढिल्या करून, घोडीखाली कापडाची घडी सरकवून, भोपळा मांडीवर. माहुलीच्या सातारा स्टेशनावर उतरल्यावर रिक्षात आडवा नव्हे, उभा धरायचा.