पास म्हणजे जागा नव्हे: परदेशातील रेल्वे तिकिटांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशप्रवासाच्या तयारीत मराठी कुटुंबांना जे सल्ले मिळतात, त्यांपैकी एक सल्ला सर्वाधिक आत्मविश्वासाने दिला जातो आणि नेमका तोच सर्वाधिक महागात पडतो: ‘युरोपचा रेल्वे पास काढून ठेवा, मग कुठल्याही गाडीत बसा, तिकिटाची कटकटच नाही.’ येडशीसारख्या गावातून मुले शिक्षणासाठी जर्मनीला जाऊ लागली, त्यांना भेटायला आईवडील जाऊ लागले, आणि हा सल्ला नातेवाइकांच्या व सहलवाल्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा फिरू लागला. तो खोडून काढण्यास कोणत्याही गुप्त माहितीची गरज नाही. पास विकणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नेमके उलट लिहिलेले आहे, फक्त ते वाचण्याची तसदी घेतली जात नाही.

या गैरसमजाचे मूळ समजून घेण्यासाठी रेल्वेच्या तिकिटात दोन वेगळ्या गोष्टी असतात हे आधी लक्षात घ्यावे लागते. पहिली म्हणजे प्रवासाचा हक्क, अर्थात अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी गाडीने जाण्याची परवानगी. आणि दुसरी म्हणजे आसनाचे आरक्षण, अर्थात ठरावीक गाडीत, ठरावीक डब्यात, ठरावीक क्रमांकाची जागा. येडशी स्थानकाच्या खिडकीवर लातूरचे किंवा कुर्डुवाडीचे अनारक्षित तिकीट घेणाऱ्याला पहिली गोष्ट मिळते, दुसरी मिळत नाही, आणि त्याला त्याचे आश्चर्यही वाटत नाही. मुंबईतला मासिक पासधारक आपला पास दाखवून लांब पल्ल्याच्या गाडीच्या आरक्षित डब्यात हक्काने बसू शकत नाही, हेही सर्वांना ठाऊक असते. मात्र आयआरसीटीसीवर आरक्षित तिकीट काढताना या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात मिळत असल्याने त्या एकच आहेत अशी समजूत होते, आणि विमानतळ ओलांडताच मासिक पासाचा साधा नियम विसरला जातो.

युरेल पास हा 1959 पासून चालत आलेला आणि आज युरोपातील 33 देशांत चालणारा पास मुख्यतः पहिल्या प्रकारचा, म्हणजे प्रवासाच्या हक्काचा आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स या देशांतील बहुतेक अंतर्गत गाड्यांत आरक्षण सक्तीचे नसल्यामुळे तेथे पासधारक खरोखरच गाडीत चढून मोकळ्या जागेवर बसू शकतो, आणि ‘कुठल्याही गाडीत बसा’ ही दंतकथा बहुधा याच देशांत फिरून आलेल्यांनी पसरवली असावी. फ्रान्समधील टीजीव्ही, इटलीतील फ्रेच्चारोसा, स्पेनमधील अतिवेगवान गाड्या, लंडनला जाणारी युरोस्टार आणि रात्रीच्या शयनगाड्या यांत मात्र आरक्षण सक्तीचे आहे, आणि पास असला तरी त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. फ्रान्समधील अंतर्गत टीजीव्हीसाठी ते साधारण 10 ते 20 युरो असते, युरोस्टारसाठी त्याहून अधिक. शिवाय अनेक गाड्यांत पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात. त्या संपल्या की गाडीत इतर जागा रिकाम्या असूनही पासधारकाला पूर्ण भाड्याचे तिकीट काढावे लागते किंवा दुसरी गाडी शोधावी लागते. फ्रान्समधील स्वस्त ‘विगो’ किंवा जर्मनीतील ‘फ्लिक्सट्रेन’ यांसारख्या काही सेवांत तर हा पास चालतच नाही. इतके सगळे अपवाद असलेल्या गोष्टीला ‘कुठल्याही गाडीत’ म्हणणे ही फसवणूक नसली तरी बेफिकिरी निश्चितच आहे.

‘पास नेहमी स्वस्तच पडतो’ हे याच समजुतीचे शेपूट. याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जपानने दिले आहे. तेथील सात दिवसांच्या साध्या वर्गाच्या जपान रेल पासची किंमत 29,650 येन होती, ती ऑक्टोबर 2023 मध्ये 50,000 येन करण्यात आली. तोक्यो ते क्योतो हा शिंकान्सेनचा, म्हणजे तेथील अतिवेगवान गाडीचा, एका बाजूचा प्रवास सुमारे 14,000 येनांचा असल्याने जाऊन-येऊन 28,000 येन होतात. म्हणजे जुन्या दराने हा पास एवढ्याच प्रवासात जवळजवळ वसूल होत असे, तर नव्या दराने तो निम्म्याहून थोडाच अधिक वसूल होतो. त्यातही सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीसाठी पासधारकाला जादा रक्कम भरावी लागते. तरीही 2023 पूर्वीचा हिशेब आजही छातीठोकपणे सांगितला जातो. पास स्वस्त की सुटी तिकिटे स्वस्त, हे प्रत्येक प्रवासाचे भाडे कागदावर मांडून बेरीज केल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

पास कोणाला मिळतो याबाबतही घोळ आहे. युरेल हा युरोपबाहेर वास्तव्य असणाऱ्यांसाठी आणि इंटररेल हा युरोपातील रहिवाशांसाठी असतो; निकष वास्तव्याचा आहे, पारपत्राच्या रंगाचा नव्हे. त्यामुळे येडशीहून गेलेल्या आईवडिलांना युरेल आणि जर्मनीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीला इंटररेल असे दोन वेगळे पास लागतात. इंटररेलवर स्वतःच्या वास्तव्याच्या देशात देशाबाहेर जाण्याचा एक आणि परतीचा एक एवढाच प्रवास करता येतो, त्यामुळे आईवडिलांसोबत जर्मनीभर फिरण्यासाठी मुलीला तो पास पुरत नाही.

दुसरी ठळक समजूत अशी, की एका देशाची रेल्वे म्हणजे एकच संस्था, आणि सरहद्द ओलांडली की तिकीट बदलते. खरे तर कंपनी, सरहद्द आणि तिकीट या तीन स्वतंत्र बाबी आहेत, आणि याचा दाखला येडशीच्या परिसरातच आहे. बार्शी लाइट रेल्वे ही 2 फूट 6 इंच रुंदीची अरुंदमापी रेल्वे इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या कंपनीची होती. ती ब्रिटिश मुलखातील कुर्डुवाडी-बार्शीकडून निघून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरत असे आणि 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. म्हणजे सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील होईपर्यंत ही एकच कंपनी दोन सत्तांच्या मुलखांत गाड्या चालवत होती. आजच्या युरोपात पॅरिस-फ्रँकफुर्टसारख्या मार्गावर एकाच तिकिटावर सरहद्द ओलांडता येते. उलट इटलीत त्रेनीतालिया आणि इतालो या दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच देशात, एकाच मार्गावर धावत असूनही एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. स्पेनमध्ये रेन्फे, विगो आणि इर्यो यांची हीच स्थिती आहे. फलाटावर उभी असलेली गाडी आपल्याच गावाला जाते, म्हणून ती आपलीच गाडी ठरत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकाली काढता येतात.

‘तिकीट जितके लवकर काढावे तितके सगळीकडे स्वस्त.’ हे लांब पल्ल्याच्या, मागणीनुसार भाडे बदलणाऱ्या गाड्यांना लागू आहे. स्थानिक गाड्यांचे भाडे बहुतेक ठिकाणी आदल्या महिन्यात आणि आयत्या वेळी सारखेच असते.

‘स्वस्त तिकीटही कुठल्याही वेळी चालते.’ जर्मनीतील सवलतीचे ‘श्पारप्राइस’ तिकीट नोंदवलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीशी बांधलेले असते. स्वतःच्या उशिरामुळे ती चुकली तर तिकीट वाया जाते.

‘डॉइचलांड-तिकिटावर जर्मनीत सगळीकडे फिरता येते.’ मे 2023 पासून सुरू झालेले हे मासिक तिकीट शहरी व प्रादेशिक वाहतुकीसाठी आहे. आयसीई या वेगवान गाड्यांत ते चालत नाही.

‘जागा नसेल तर वेटिंग लिस्टवर घेता येईल.’ आपल्यासारखी प्रतीक्षायादी आणि तात्काळ कोटा युरोपात अपेक्षू नये.

‘तिकीट खिशात आहे म्हणजे झाले.’ इटलीतील प्रादेशिक गाड्यांचे कागदी तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात छापून घेतले नाही तर तिकीट असूनही दंड होतो.

‘कार्ड चालत नाही, म्हणजे परदेशी संकेतस्थळ भारतीयांना तिकीट देत नाही.’ रिझर्व्ह बँकेच्या 15 जानेवारी 2020 च्या परिपत्रकानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ग्राहकाने ते स्वतः सुरू करावे लागतात. आधी बँकेचे ॲप उघडावे, मग परदेशी रेल्वेला दोष द्यावा.

‘उशीर झाला तर तिथे कोणी विचारत नाही.’ युरोपीय संघाच्या 2021/782 या नियमानुसार 60 ते 119 मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या किमान 25 टक्के आणि 120 मिनिटांपासून पुढे 50 टक्के भरपाई मागता येते, मात्र काही अपवादात्मक कारणांमुळे झालेल्या उशिराला ती लागू नाही.

‘सामान कितीही न्यावे.’ जपानच्या तोकाइदो शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी व उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठी बॅग असेल तर तिच्यासाठी जागा असलेले आसन आधी राखून ठेवावे लागते.

परदेशातील रेल्वे तिकीट अवघड नाही. ते भारतीय सवयीच्या चौकटीत बसवण्याचा हट्ट अवघड आहे. म्हणून पास किंवा तिकीट यांचे पैसे भरण्यापूर्वी संबंधित रेल्वे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा प्रकार, आरक्षणाची सक्ती आणि परताव्याची अट या तिन्ही गोष्टी स्वतः वाचाव्यात, आणि सल्ला देणारा कितीही फिरून आलेला असला तरी तो कोणत्या देशात आणि कोणत्या वर्षी फिरला होता, हे त्याला आधी विचारावे.